शब्दकोडं अडलं की विचारायचं कुणाला आणि कसं

आमच्या गावात पेपर सकाळी साडेनऊच्या एसटीने येतो. वेंगुर्ला तालुक्यातलं किनाऱ्यावरचं गाव, आमचं किराणा दुकान स्टँडला लागून, म्हणून गठ्ठा माझ्याच ओट्यावर उतरतो. अंक वाटून झाले की माझा अंक वजनकाट्याच्या शेजारी पसरते, शब्दकोड्याचं पान वर करते आणि पेन्सिल कानाला लावते. अठरा वर्षं हेच चाललंय. त्यातली पहिली काही वर्षं मी मदत घेण्याच्या विरुद्ध होते. अडलं की अडलं, दुसऱ्या दिवशी उत्तर बघायचं. त्यामुळे झालं एवढंच की तीच ती पाच-सहा घरं रोज रिकामी राहिली आणि तेच ते शब्द दर महिन्याला नव्याने अडले.

आता मी सरळ विचारते. फक्त एक पथ्य पाळते: मदत अक्षराची मागायची, शब्दाची नाही. अख्खा शब्द कुणी दिला तर ते घर भरतं, डोकं रिकामंच राहतं. एक अक्षर मिळालं तर उरलेला शब्द आपला आपण निघतो आणि मग तो विसरत नाही.

विचारण्याआधी स्वतः काय करायचं

शब्दकोडं मुळात इंग्रजीतलं. २१ डिसेंबर १९१३ ला ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वर्तमानपत्रात आर्थर विन यांनी पहिलं छापलं. तिथे एका घरात एक सुटं अक्षर बसतं. आपल्याकडे काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षर सगळं एकाच घरात. ‘सिंधुदुर्ग’ची घरं चार: सिं, धु, दु, र्ग. ‘स्वातंत्र्य’ची तीनच. नवशिके इथेच चुकतात, ‘र्ग’ची दोन घरं मोजतात आणि शब्द बसत नाही म्हणून सोडून देतात. मोजताना बोटांवर मोजा, तोंडाने म्हणत मोजा.

याचा फायदाही मोठा आहे. छेदणाऱ्या शब्दातून आपल्याला नुसता ‘त’ मिळत नाही, ‘त्न’ मिळतो. दोन घरांच्या शब्दाच्या शेवटी ‘त्न’ असेल तर रत्न किंवा यत्न, तिसरा आठवून दाखवा. ‘र्ण’ असेल तर पर्ण, वर्ण, कर्ण, पूर्ण, चूर्ण, जीर्ण अशी जरा मोठी रांग लागते, पण रांगच, गर्दी नाही. म्हणून माझा क्रम असा: आधी ज्या उत्तरात जोडाक्षर असणार असं वाटतं ती घरं सोडवायची. तिथून चारी दिशांना वाट फुटते.

त्याच्याही आधी म्हणी. ‘___ देऊन कोहळा काढणे’ यात विचार करायला काही नसतं, आवळा लिहून मोकळं व्हायचं. मग टोपणनावं. ती ठरलेली आहेत, दर पंधरवड्याला एक तरी येतंच. आमच्या तालुक्याला तर ती घरची आहेत: चिं. त्र्यं. खानोलकर म्हणजे आरती प्रभू, आणि आरवलीचे जयवंत दळवी म्हणजे ठणठणपाळ, सहा घरं खाणारे. मालगुंडचे कृष्णाजी केशव दामले म्हणजे केशवसुत. फसायला होतं ते शिरवाडकर आणि गडकरी यांच्यात. कुसुमाग्रज पाच घरांचे, गोविंदाग्रजही पाच घरांचे, दोघांची शेवटची दोन अक्षरं ‘ग्रज’. ‘नाटककार कवी’ एवढंच सूत्र दिलं तर दोघंही खरेच. अशा वेळी शेवटची दोन घरं भरून ठेवायची आणि पहिली तीन सोडायची. अर्धा शब्द लिहायला कुणी बंदी केलेली नाही.

क्रियापद असेल तर शेवटच्या घरात ‘णे’ हलक्या हाताने लिहून ठेवा. सूत्र ‘धावणे’ असं असेल तर उत्तर ‘पळ’ असणार नाही, ‘पळणे’च असणार. भाववाचक नाम असेल तर पणा, त्व, ता यांच्यापैकी काहीतरी शेपटीला असण्याचा संभव जास्त.

पाण्याचं कोष्टक

कोड्यात संस्कृत पर्यायी शब्द फार येतात आणि बहुतेक लोक त्यांना घाबरून पेन्सिल खाली ठेवतात. निदान कमळ, ढग आणि समुद्र या तिघांसाठी तरी कुणाला विचारायची गरज नाही. पाण्याला जल, नीर, अंबू, वारी असे शब्द आहेत. त्यापुढे ‘ज’ लावला की पाण्यात जन्मलेलं ते कमळ, ‘द’ लावला की पाणी देणारा तो ढग, ‘धी’ लावला की पाणी साठवणारा तो समुद्र. जलज, जलद, जलधी. नीरज, नीरद, नीरधी. अंबुज, अंबुद, अंबुधी. वारिज, वारिद, वारिधी. सगळे तीन घरांचे. म्हणजे पहिलं अक्षर कुठल्या पाण्याचं हे ठरवतं आणि शेवटचं अक्षर सूत्रावरून तुम्हाला न विचारताच मिळतं. ‘मेघ (३)’ दिसलं की तिसऱ्या घरात ‘द’ टाकून पुढे चला. पयोदही असतो, पण त्याचाही शेवट ‘द’च. फक्त कुणी ‘जलधर’ मनात धरला असेल तर घरं चार असतील, तेवढं बघून घ्या.

असाच ‘ग’ म्हणजे जाणारा: आकाशात जाणारा तो खग, छातीवर सरपटत जाणारा तो उरग. ‘प’ म्हणजे पाळणारा: नृप, भूप. आणि पिणारा पण: मधुप म्हणजे भुंगा.

एक कोपरा, जसा सुटला तसा

गेल्या श्रावणातला एक कोपरा सांगते, कारण त्यात मदतीचे सगळे प्रकार आले.

वरच्या डाव्या कोपऱ्यात आडवा शब्द होता, ‘एक मासळी (३)’. मी सूत्र मोठ्याने वाचलं आणि तेल न्यायला आलेले एक म्हातारे तांडेल, म्हणजे मासेमारीच्या होडीवरचे म्होरके, म्हणाले, “वयनीनू, सुंगटां लिवा. तीन घरां आसत ना?” तीन घरं होती. सुं, ग, टां. मी लिहिलं. आमच्या तोंडात तोच शब्द, मला शंकाच आली नाही. मग त्याच घरातून खाली जाणारा उभा शब्द बघितला: ‘आश्विन पौर्णिमा (४)’. ती ‘सुं’ने कशी सुरू होणार? ती कोजागरी. म्हणजे पहिलं घर ‘को’, आणि मासळी कोळंबी, आमच्या सुंगटांचंच प्रमाण मराठीतलं नाव.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या. एक, कोडं रचणारा बहुधा प्रमाण मराठीत विचार करतो. आपल्या तोंडातला मालवणी शब्द घरांच्या संख्येत बसला म्हणून तो उत्तर होत नाही. माड, आगर, पडवी, खाजण असे शब्द कोशात आहेत आणि कोड्यात येतातही, पण सुंगटां, चेडू (मुलगी), झील (मुलगा) यांची वाट बघू नका. दुसरी, घरांची संख्या जुळणं हा पुरावाच नाही. छेद जुळला तरच शाई.

पुढे गंमत झाली. मी पेन्सिलने ‘कोजागिरी’ लिहिलं होतं. बोलताना आपण कोजागरीही म्हणतो, कोजागिरीही म्हणतो. दोन्ही चार घरांचे, फरक फक्त तिसऱ्या घरात: ग की गि. त्या तिसऱ्या घरातून आडवा शब्द निघत होता, ‘शिडाचे मोठे जहाज (४)’. तारू नाही, मचवा नाही, दोन्ही कमी पडतात. तांडेल अजून उभेच होते. या वेळी मी सूत्र वाचलं नाही, विचारलं एवढंच, “शिडाची जहाजं कुठकुठली?” त्यांनी बोटांवर मोजत सांगितलं: पडाव, मचवो, फत्तेमारी, गलबत. गलबत! ग, ल, ब, त. तिसरं घर ‘ग’, म्हणून कोजागरी.

कोजागरीच्या शेवटच्या ‘री’तून ‘पद्धत (२)’. रीत किंवा रीती. गलबताच्या ‘ल’मधून खाली ‘वाईट सवय (२)’, म्हणजे लत. रीतीमधला ‘ती’ चालला नसता, ‘त’च हवा. रीत. कोपरा संपला.

एकाच माणसाने आधी चुकीचा शब्द दिला आणि मग बरोबर वाट दाखवली. दोष त्यांचा नव्हता. पहिल्यांदा मी उत्तर मागितलं, दुसऱ्यांदा यादी मागितली. जाणकाराकडून नेहमी यादी मागावी. निवडायचं काम आपल्याकडची अक्षरं करतात.

कुणाला काय विचारावं

गावात कोशांपेक्षा माणसं जवळ असतात. पण सगळ्यांना सगळं विचारू नये.

होड्या, वारे, मासे, भरती-ओहोटी यांचे शब्द तांडेलांकडे. खारे वारे शाळेत सगळ्यांनीच पाठ केलेले असतात, पण जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा तो मतलई, हे चटकन आठवतं त्यालाच ज्याची होडी त्या वाऱ्यावर बाहेर पडते.

पुराणातल्या नावांसाठी माझा माणूस भटजी नाहीत, दशावतारातले एक नट आहेत. भटजींना तिथी, नक्षत्रं, संवत्सरांची नावं विचारावीत, तिथे त्यांचा हात कुणी धरणार नाही. पण अर्जुनाची नावं रात्रभर रंगमंचावर हाका मारून मारून ज्याच्या तोंडात बसलीत तो एका दमात पार्थ, किरीटी, धनंजय, सव्यसाची, गुडाकेश म्हणून दाखवतो, आणि कोण कुणाचा सासरा हेही सांगतो. फक्त जत्रांचा हंगाम सुरू झाला की ही मंडळी पहाटेपर्यंत जागी असतात. दुपारी बाराच्या आत फोन करू नये. मी एकदा केला होता.

स्वयंपाकघरातले आणि घरातले जुने शब्द सासूबाईंकडे. तांदूळ धुवायची बांबूची टोपली म्हणजे रोवळी, टांगून ठेवायचं ते शिंकाळं, भिंतीतलं कपाट ते फडताळ. या पिढीबरोबर हे शब्द जाणार, म्हणून विचारा आणि विचारल्यावर थोडा वेळ बसा. एका शब्दाबरोबर चार शब्द मिळतात, वर माहेरची एक गोष्ट.

सिनेमे, खेळाडू, नव्या गोष्टी मुंबईच्या भाचीकडे. गणपतीत तर चाकरमानी आले की पेपर माझ्या हाती लागतच नाही. पाच दिवस कोडं ओटीवर सामुदायिक सुटतं आणि कुणीतरी पेनाने चुकीचं लिहून ठेवतं. त्या पाच दिवसांत या लेखातलं काहीही लागू नाही.

शुद्धलेखनासाठी शाळेतल्या बाई. पण रोज त्यांना छळायला नको, तीन नियम पुरतात. शब्दाच्या शेवटचा इकार-उकार मराठीत दीर्घ: कवी, गुरू, जलधी. शेवटचं अक्षर अकारान्त असेल तर त्याच्या आधीचा इकार-उकार दीर्घ: वकील, गरीब, सून. आणि शेवटचं दीर्घ असेल तर आधीचा ऱ्हस्व: विळी, किडा, पाहुणा. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द शेवटचे दोन नियम पाळत नाहीत, म्हणून गुण, मंदिर, पूजा. छेदात ‘पि’ की ‘पी’ असा वाद पडला तर या तिघांकडे बघायचं. काही कोड्यांत रचणारे वेलांटी-उकाराची सूट घेतात, आडव्यात ऱ्हस्व आणि उभ्यात दीर्घ. मला ते आवडत नाही, पण तुमच्या पेपरची सवय काय आहे हे आठवडाभरात कळतं. ती कळली की मग तक्रार करत बसू नये.

फोनवर विचारताना

निम्म्या वेळा मदत मिळत नाही ती विचारण्याच्या पद्धतीमुळे. “अगो, जहाजाला काय म्हणतात?” असं विचारलं की भाची जहाजच म्हणणार. व्हॉट्सॲपवर मी असं लिहिते:

आडवा ७. घरं ४. _ ल _ त. सूत्र: शिडाचे मोठे जहाज.

सूत्र छापलंय तसंच लिहायचं, आपल्या शब्दांत नाही. ‘मोठे’ गाळलं तर उत्तर बदलू शकतं. पक्की अक्षरं लिहायची, डळमळीत असतील ती गाळायची. चुकीचं एक अक्षर दिलं तर समोरचा माणूस अर्धा तास आंधळ्या गल्लीत फिरतो. आणि आपला अंदाज आधी सांगायचा नाही. “मला पडाव वाटतंय, बरोबर का?” म्हटलं की समोरचा पडावाभोवतीच घुटमळतो. आधी त्याचं ऐका, मग आपलं सांगा.

पानाचा फोटो पाठवणार असाल तर पान सपाट ठेवा, दिवसाउजेडी काढा आणि मागे काळा कागद सरकवा, नाहीतर मागच्या पानावरच्या जाहिराती पुढे उमटतात. पेन्सिल गडद असू द्या. मग पुन्हा तेच, “उत्तर नको, पहिलं अक्षर सांग.” भाची आता स्वतःहून विचारते, “मावशी, अक्षर की शब्द?”

कोश आणि फोन

माणसं संपली की कोश. दाते आणि कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत निघाला. घरात सात खंड ठेवायला जागा कुणाकडे आहे? पण तो आणि मोल्सवर्थचा १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीचा मराठी-इंग्रजी कोश, दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशिया डिजिटल ग्रंथालयात फुकट बघता येतात. मोल्सवर्थचा एक उपयोग कोड्याला फार होतो: तो उलटा वापरता येतो. मराठी शब्द माहीत नसेल तर इंग्रजी अर्थ टाकून अख्ख्या कोशात शोधा. नांगर, सुकाणू, डोलकाठी अशा गोष्टींचं इंग्रजी नाव टाकलं की ज्या ज्या नोंदीत ते आलंय त्या सगळ्या समोर येतात. त्यातून घरं मोजून निवडा.

छापील कोश हाताशी असेल तर ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ दोन ठिकाणी बघा. काही कोशांत ते ‘क’ आणि ‘ज’ मध्ये असतात, काहींत अगदी शेवटी. नद्या, किल्ले, माणसं यांच्यासाठी मराठी विश्वकोश, तोही आता फोनवर वाचता येतो.

नुसतं सूत्र शोधयंत्रात टाकलं तर हिंदी उत्तरं येतात, तिथे सावध. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, आपल्याकडे दंड. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, आपल्याकडे थट्टा. राजीनामा हिंदीत तडजोड, आपल्याकडे नोकरी सोडणं. दोन्ही लिपी एकच, म्हणून डोळा फसतो.

एआयला विचारायचं असेल तर विचारा, मीही विचारते. पण घरं त्याला मोजायला लावू नका. चार घरांचा शब्द मागितला की तो छातीठोकपणे पाच घरांचा देतो. याचं एक कारण साधं आहे: आपण ‘स्वातंत्र्य’ तीन घरांत बसवतो, पण संगणकात तो अकरा चिन्हांचा असतो, कारण पाय मोडल्याची खूण, काना, अनुस्वार सगळं तिथे सुटं सुटं मोजलं जातं. म्हणून त्याच्याकडूनही यादीच मागा, ‘समुद्राला वीस पर्यायी शब्द दे’ अशी, आणि मोजायचं काम आपल्या बोटांना द्या. यादीतला शब्द कधी ऐकला नसेल तर दाते-कर्व्यांत बघून मगच लिहा. कधी कधी तो शब्द अस्तित्वातच नसतो.

सगळं करूनही जमलं नाही तर

दोन्ही शब्द पक्के आहेत आणि छेदात अक्षर जुळत नाही, असं झालं तर आधी ऱ्हस्व-दीर्घ बघा, मग कोजागरी-कोजागिरीसारखं दुसरं रूप आहे का ते बघा, मग क्रमांक. आकडा एका घराने सरकून छापला जाणं घडतं, तेव्हा उभं सूत्र शेजारच्या स्तंभाचं असतं. एवढं करूनही जुळत नसेल तर छपाईची चूक समजा आणि पेन्सिल ठेवा. मी एकदा अशा एका घरापायी साखरेचा हिशोब चुकवलाय.

वही मात्र ठेवा. माझी जुन्या उधारीच्या वहीची मागची पानं आहेत. दोन अक्षरी, तीन अक्षरी, चार अक्षरी अशी घरांप्रमाणे पानं पाडलीत, अर्थाप्रमाणे नाहीत, कारण कोड्यात आधी घरं दिसतात. रोज फक्त तेच शब्द लिहायचे जे मदतीने सुटले, आणि पुढे कुणी दिलं त्याची खूण: ‘ता’ म्हणजे तांडेल, ‘सा’ म्हणजे सासूबाई, ‘भा’ म्हणजे भाची. तोच शब्द पुन्हा अडला तर खाली रेघ. तीन रेघा झाल्या की तो शब्द मी दोरीला चिमट्याने लावून ठेवते, बिड्यांच्या पुड्यांच्या वर, येता-जाता दिसेल असा. सध्या तिथे ‘उरग’ आहे.

पावसात मात्र एक वेगळीच पंचाईत होते. आंबोली घाटात दरड आली की एक दिवस पेपर येत नाही आणि दुसऱ्या दिवशी दोन अंक एकत्र येतात. म्हणजे कोडं आणि त्याचं उत्तर एकाच गठ्ठ्यात. अशा दिवशी मी नवीन अंकाचं ते पान न उलगडता काढते आणि सासूबाईंच्या हाती देते. त्या ते तांदळाच्या डब्यात ठेवतात, वर झाकण, झाकणावर पाटा-वरवंट्यातला वरवंटा. संध्याकाळी देवाकडे दिवा लागेपर्यंत डबा उघडत नाही. मध्ये मी कितीही गोड बोलले तरी एकच विचारतात, “अक्षर व्हया की शब्द?” आणि अक्षर म्हटलं तर आत डोकावून तेवढं एक सांगतात.